जत्रेचा कौल

१२६८ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या आसपास सत्ता असलेल्या डीट्रिश नावाच्या सरदाराने एक फर्मान काढलं. मजकूर थोडक्यात असा : लाइपझिगला व्यापारासाठी येणाऱ्यांना आणि त्यांच्या मालाला माझं संरक्षण आहे. त्यांच्या धन्याशी माझी लढाई सुरू असली तरीही.

त्या शेवटच्या वाक्यात सगळी गंमत आहे. त्या काळी परमुलखातला व्यापारी हा सोपं सावज असायचा. त्याच्या गावच्या दुसऱ्याच कुणीतरी उधारी बुडवली म्हणून याचा माल जप्त व्हायचा. अशा दिवसांत एक सत्ताधीश म्हणतो, की शत्रूच्या प्रजेलाही माझ्या वाटांवरून सुखरूप येऊ द्या, जाऊ द्या. लाइपझिगची जत्रा पुढे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या जत्रांमध्ये गणली गेली, त्याचं एक मूळ या शब्दात आहे.

मी या इतिहासात शिरलो तो कामाच्या निमित्ताने. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली काही वर्षं कॉन्फरन्स, ट्रेड फेअर, औद्योगिक प्रदर्शनं यांच्या नोंदणीची सिस्टीम लिहितो. लोक समजतात की या धंद्यात खरं काम हॉल, स्टॉल आणि बॅजवरच्या क्यूआर कोडचं असतं. पण परदेशी पाहुण्यांकडून आम्हाला सगळ्यात जास्त मेल येतात ते व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्राबद्दल. पासपोर्टवर नाव असंच आहे, तसंच टाका. तारीख दोन दिवस आधीची करा. पत्र आज मिळेल का? आयोजक जागा विकू शकतो, जेवण देऊ शकतो, पण माणसाला देशात शिरू देणं त्याच्या हातात नसतं. या धंद्याचा पहिला कच्चा माल म्हणजे परवानगी, आणि ती सरकारकडेच मिळते.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द होता : कौल. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल दिला जाई. अमुक वर्षं कर माफ, त्रास होणार नाही, या आणि दुकान मांडा. दुकानं नंतर यायची, आधी राज्यकर्त्याचा शब्द यायचा. लाइपझिगची गोष्ट ही अशाच एका कौलाची साडेसातशे वर्षांची गोष्ट आहे.

पण कौल फुकट नसतो, आणि सगळ्यांना सारखाही नसतो. १४९७ मध्ये जर्मन राजा मॅक्सिमिलियनने (पुढे तो सम्राट झाला) लाइपझिगच्या वर्षातल्या तिन्ही जत्रांना राजमान्यता दिली. १५०७ मध्ये त्याने ती आणखी वाढवली : शहराभोवती १५ जर्मन मैलांत, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त अंतरात, दुसऱ्या कुणी अशी जत्रा भरवायची नाही आणि तिथून जाणारा माल आधी लाइपझिगला विक्रीला मांडायचा. शेजारच्या हाले आणि एरफुर्टसारख्या शहरांचा व्यापार याने आखडला. आज आपण ज्याला 'धोरणात्मक पाठबळ' म्हणतो, ते कागदावर कसं दिसतं याचा हा जुना नमुना. एकाला दार उघडताना दुसऱ्याचं बंद होतं.

दारातून आत येणाऱ्यांतही भेद होता. यहुद्यांना एरवी लाइपझिगमध्ये राहायला सर्वसाधारणपणे मनाई होती. जत्रेच्या दिवसांत मात्र त्यांना येता येई, कारण पोलंड आणि पूर्वेकडच्या देशांशी होणारा फरचा आणि कापडाचा व्यापार मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हातात होता. त्यासाठी ते इतरांपेक्षा जास्त कर भरत. कोण आला, कुठून आला, याची वेगळी नोंद होई. १६७५ ते १७६४ या काळातल्या अशा नोंदी इतिहासकारांना उपलब्ध आहेत. मी रोज ज्या प्रकारचा डेटाबेस लिहितो, त्याचा हा एक पूर्वज : नाव, गाव, आगमनाची तारीख, भरलेली फी. व्यापार हवा, माणूस नको, ही वृत्ती त्या रकान्यांमधून लख्ख दिसते.

सत्ताधीशाने हात आखडला की जत्रा काय करते? ती उठून दुसरीकडे जाते. पुस्तकांच्या जत्रेसाठी आधी फ्रँकफर्ट प्रसिद्ध होतं. पण तिथे सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी पुस्तकांची तपासणी कडक केली आणि प्रोटेस्टंट प्रकाशकांना त्याचा जाच होऊ लागला. लाइपझिगमध्ये मोकळीक जास्त होती. पुस्तकांचा व्यापार हळूहळू तिकडे सरकला आणि अठराव्या शतकात लाइपझिग हीच जर्मन पुस्तकांची राजधानी झाली. कोणी मोर्चा काढला नाही. लोकांनी फक्त गाठोडी दुसऱ्या रस्त्याला लावली.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, कारखान्यात एकसारख्या हजारो वस्तू निघू लागल्या. सगळा माल जत्रेत वाहून नेण्यात अर्थ उरला नाही. १८९५ मध्ये लाइपझिगने नमुन्यांची जत्रा सुरू केली : फक्त नमुना दाखवा, ऑर्डर घ्या, माल नंतर पाठवा. आजचं प्रत्येक ट्रेड फेअर याच साच्यातलं आहे. त्यातून सरकारसाठी नवा प्रश्न निघाला. विकायला नव्हे, फक्त दाखवायला आणलेल्या यंत्रावर आयातकर घ्यायचा का? त्याचं उत्तर १९६१ च्या एका आंतरराष्ट्रीय कराराने दिलं. एटीए कार्ने नावाचं एक कागदपत्र असतं, ते दाखवलं की नमुना कर न भरता आत येतो आणि ठरलेल्या मुदतीत परत जातो. भारतात ते 'फिक्की' देते. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीवाल्याला युरोपात आपलं कास्टिंग मांडायचं असेल, तर चकचकीत स्टॉलइतकाच हा कागदही कामाचा.

मग आलं १९४५. लाइपझिग सोव्हिएत ताब्यात गेलं. पश्चिमेकडे ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी प्रशासनासमोर वेगळंच संकट होतं : जर्मन जनतेला पोसायला धान्य आयात करायचं, तर निर्यात करून डॉलर कमवायला हवेत, आणि निर्यातीसाठी ग्राहक भेटण्याची जागाच हातची गेलेली. म्हणून त्यांनी हानोफरजवळच्या एका धातूच्या कारखान्याच्या शेडमध्ये नवं प्रदर्शन उभं करवलं. १८ ऑगस्ट १९४७ ला ते सुरू झालं आणि २१ दिवस चाललं. सुमारे १३०० कंपन्या होत्या, ७ लाखांहून जास्त लोक आले, ३ कोटी डॉलरहून अधिकचे करार झाले. रेशनचं कुपन न देता तिथे मासळी भरलेले पाव मिळायचे, म्हणून लोकांच्या तोंडी त्याचं नावच मासळी-पावाचं प्रदर्शन पडलं. आज जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक प्रदर्शनांत गणलं जाणारं 'हानोफर मेसं' ते हेच. २०१५ मध्ये भारत तिथे भागीदार देश होता आणि मोदी-मर्केल यांनी मिळून त्याचं उद्घाटन केलं.

लाइपझिगची जत्राही थांबली नाही. पूर्व जर्मनीच्या सरकारने तिला पश्चिमेकडे उघडणारी खिडकी बनवलं. एरवी बंद असलेल्या देशात त्या दिवसांत पाश्चात्त्य व्यापाऱ्याला येणं सोपं व्हायचं. १२६८ चाच शब्द, फक्त वर्षातले ठरावीक दिवस पाळलेला. १९९० मध्ये तो देशच उरला नाही, पूर्वेकडचा ग्राहकही विखुरला आणि लाइपझिगला १९९६ मध्ये नव्या मैदानावर नव्याने सुरुवात करावी लागली.

तरीही सरकारच्या हातात सगळं नसतं. माझ्या क्षेत्रातलंच उदाहरण घ्या. कॉम्प्युटर जगताची पंढरी मानलं गेलेलं 'सेबिट' हानोफरलाच भरायचं. ऐन भरात तिथे ८ लाखांहून अधिक माणसं येत. आयोजक कंपनी राज्य सरकार आणि शहराच्या मालकीची, खुद्द चॅन्सलर उद्घाटनाला यायच्या. पण लोक लॅपटॉप आणि फोन बघायला हॉलमध्ये जायचे थांबले आणि २०१८ नंतर ते बंद पडलं. सत्ता रस्ता मोकळा करू शकते, त्यावर कुणाला चालायला लावू शकत नाही.

रस्ता बंद मात्र ती एका दिवसात करू शकते. २०२० मध्ये 'हानोफर मेसं' रद्द झालं. बर्लिनच्या प्रदर्शन हॉलमध्ये आणि आपल्या गोरेगावच्या नेस्कोत कोविडच्या रुग्णांसाठी खाटा लागल्या. तेव्हा जर्मनीतल्या आयोजकांना सरकारला पटवावं लागलं, की नोंदणी करून येणाऱ्यांचं प्रदर्शन आणि मैफिलीची गर्दी यांना एकच नियम लावू नका. त्या मे महिन्यात तिथल्या सरकारने हा फरक मान्य केला.

म्हणून कुठल्याही मोठ्या प्रदर्शनात मंत्री फीत कापतात तो फोटो मला फारसं काही सांगत नाही. मी दुसऱ्या गोष्टी बघतो. व्हिसाला किती दिवस लागले? कस्टममध्ये नमुने किती अडकले? छोट्या गावच्या, छोट्या उद्योगाच्या, 'नको त्या' पासपोर्टच्या किती माणसांनी नोंदणी केली आणि त्यातली किती दारापर्यंत पोचली? आमच्या सिस्टीममध्ये या दोन आकड्यांचे दोन रकाने असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे न दिलेला कौल.