विजेवर न चालणारी सुई

मंडळी, लेंडीकाठच्या देगलुरात बसून आज आपण जहाजांचा कायदा बघतोय. 'सोलास' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला एकोणिसावा नियम सांगतो, की जहाज लहान असो की मोठं, सुकाणूपाशी दिशा दाखवणारं नीट जुळवलेलं चुंबकी होकायंत्र, किंवा त्याच कामाचं दुसरं साधन हवंच. आणि ते विजेवर अवलंबून नको. ५०० ग्रॉस टनांपासून विजेचं जायरोही लागतं, तरी पहिली अट सुटत नाही.

मेख आहे ती 'नीट जुळवलेलं' या शब्दांत. लोखंडी जहाज स्वतःच सुईला ओढतं. १८३८ मध्ये जॉर्ज एअरी यांनी 'रेनबो' जहाजावर चुंबक आणि लोखंड बसवून ती ओढ काटली. पण सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक ठिकाणागणिक वेगळा, शिवाय वर्षागणिक बदलतो! तो मोजायला जमिनीवरच कुणीतरी बसायला हवं.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत हे काम १८४१ पासून चालू होतं. पुढं शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहानं मोजमाप बिघडलं असतं. म्हणून नानाभाई मूस संचालक असताना १९०४ मध्ये अलिबागला चुंबकी पदार्थ टाळून नवी इमारत उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्हीकडं एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुनी मालिका तुटू नये म्हणून. आम्हाला या साऱ्यात हीच गोष्ट मोठी वाटते.

ट्राम १९०७ मध्ये धावली, १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.