चिमुकल्या इंजिनांचीं रूपांतरें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें दप्तरें, सनदा आणि शिलालेख उभे राहतात. मुलांच्या खेळण्यांस त्या पंक्तींत बसविण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. तथापि पत्र्याच्या व ओतीव धातूच्या चिमुकल्या आगगाड्या यूरोपांत कशा बनल्या, कशा खपल्या आणि पुढें हौशी लोकांच्या हातीं कशा बदलल्या, ही हकीकत लक्षपूर्वक पाहिली तर तींत दोन महायुद्धांच्या खुणा आढळतात. आणि जुनी वस्तु जशीच्या तशी राखावी कीं चालती ठेवावी, हा आपल्या देवळांपासून वाड्यांपर्यंत सर्वत्र छळणारा प्रश्नही तेथें पुन्हां भेटतो.

ह्या व्यवहाराला शिस्त लावली ती जर्मनींतील मेर्क्लिन ह्या कारखान्यानें. १८९१ सालच्या लाइप्झिगच्या जत्रेंत त्यानें ठराविक रुंदीचे रूळ व त्यांवर चालणाऱ्या किल्लीच्या गाड्या मांडल्या आणि त्या रुंदींना क्रमांक दिले. ह्याचा परिणाम मोठा झाला. आज घेतलेल्या गाडीस पुढच्या वाढदिवसाचा डबा जोडतां येऊं लागला, आणि खेळणें म्हणजे एकदां घेऊन टाकण्याची वस्तु न राहतां कधींच पुरा न होणारा संग्रह बनला. संग्राहक नांवाच्या प्राण्याचा जन्म माझ्या मतें ह्याच जत्रेंतला. पालकांच्या खिशाचें दुखणेंही तेथूनच सुरू झालें.

इंग्लंडांत ही हौस रुजविली नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक ह्या व्यापाऱ्यानें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यानें जर्मन कारागिरी पाहिली, आणि न्युरेंबर्गच्या बिंग कारखान्याशीं करार करून इंग्रजी रेल्वेचीं इंजिनें तेथें करवून घेण्यास आरंभ केला. हेन्री ग्रीनली ह्या इंजिनियरनें नकाशे काढावे, न्युरेंबर्गच्या कामगारांनीं पत्रा कापावा, आणि इंग्रज मुलानें ती गाडी आपल्या देशाचें भूषण म्हणून मिरवावी, असा हा मौजेचा व्यवहार होता. १९१४ सालीं युद्ध पेटलें आणि तो एकाएकीं बंद पडला. जर्मन मालावरचा तो रोष ताजा असतांनाच, १९२० सालीं, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनें स्वदेशी गाडी बाजारांत आणली. बिंगचा कारखाना १९३० नंतरच्या मंदींत बुडाला. आणि त्या घराण्यांतील स्टेफान बिंग ह्यांस, ते ज्यू असल्यामुळें, नाझी राजवटींत मायभूमि सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. ज्या देशाच्या मुलांसाठीं त्यांच्या घराण्यानें इंजिनें घडविलीं, त्याच देशानें अखेर त्यांस थारा दिला.

इंजिनांचें रूपांतर करण्याची कल्पना हौशी लोकांची, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तिचा आरंभ कारखानदारांनींच केला. हॉर्नबीचें पहिलें इंजिन एकच होतें. रंग मात्र कोणाला ह्या कंपनीचा, कोणाला त्या कंपनीचा. पुढें १९३८ सालीं त्याच कारखान्यानें ‘डब्लो’ ह्या नांवानें आणखी लहान मापाच्या गाड्या काढल्या. त्यांतलें टाकीचें इंजिन मूळचें एकाच कंपनीच्या नमुन्याचें असूनही इंग्लंडच्या चारही मोठ्या कंपन्यांच्या वेषांत विकलें गेलें. एकाच नटानें राम, भरत आणि बिभीषण ह्यांचीं कामें करावीं त्यांतलाच हा प्रकार. ज्याला रेल्वेचें खरें ज्ञान झालें त्या मुलास ही लबाडी खुपूं लागली. त्यानें कानस हातीं घेतली, धुराडें उंच केलें, घुमट बदलला, आणि आपल्या गांवावरून जाणारें इंजिन निर्माण केलें.

रूपांतराला दुसरें कारण मापाचें होतें. इंग्लंडचे बोगदे व पूल अरुंद असल्यामुळें तेथील इंजिनें अंगानें लहान. त्या वेळची विजेची मोटर त्यांच्या पोटांत मावेना. म्हणून इंजिनाचें शरीर फुटास चार मिलिमीटर ह्या मापानें फुगविलें आणि रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचेच ठेवले. हिशेब केला तर हे रूळ चार फूट दीड इंच रुंदीचे ठरतात. खरी रुंदी चार फूट साडेआठ इंच. ह्या सात इंचांनीं कित्येकांची झोंप उडविली! कोणी अठरा मिलिमीटरवर गेले. १९६६ च्या सुमारास कांहीं कट्टर मंडळींनीं १८·८३ हा आंकडा धरला आणि एकेक चाक नवें करविलें. येथें एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. हेच साडेसोळा मिलिमीटरचे रूळ घेऊन वरचें इंजिन फुटास तीन मिलिमीटर मापाचें केलें, तर रुंदी नेमकी साडेपांच फूट येते. म्हणजे १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें धांवलेल्या गाडीची, आपल्या ब्रॉडगेजची. इंग्रजांची ही चूक आपल्या हौशी माणसास आयतीच उपयोगी पडण्यासारखी आहे.

तिसरें कारण विजेचें. डब्लोच्या गाडीस मधल्या तिसऱ्या रुळांतून वीज मिळे. १९५९ सालीं कारखान्यानें दोन रुळांची पद्धति आणली, १९६४ सालीं कारखानाच प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेला, आणि जुन्या इंजिनांचे मालक पोरके झाले. तीं चालवावयाचीं तर पोटाखालचा विजेचा सरकता चिमटा काढावा, एका बाजूच्या चाकांच्या आंत विद्युद्रोधक वेढें बसवावें, आणि चाकांस टेकणाऱ्या बारीक तारा जोडाव्या. काम अवघड नाहीं, पण एकदां केलें कीं तें इंजिन मूळचें राहत नाहीं.

येथेंच संग्राहक आणि रूपांतरकार ह्यांचें भांडण जुंपतें. संग्राहक रंगाचा ओरखडाही पुसूं देत नाहीं. त्याला इंजिनाइतकीच त्याची पुठ्ठ्याची पेटी प्रिय, कधीं अधिकच. दुसरा म्हणतो, न चालणारें इंजिन हें प्रेत होय. ह्या वादांत धातूनेंही एक साक्ष दिली आहे. पूर्वीच्या जस्ताच्या ओतिवांत शिशाचा अंश राहिला असेल तर तो धातु आपोआप फुगतो, तडकतो आणि शेवटीं भुगा होतो. युद्धपूर्व काळचीं कित्येक चाकें अशीं कपाटांत बसल्या जागीं निकालांत निघालीं. त्यांना हात न लावणें म्हणजे त्यांचा नाश स्वस्थपणें पाहणें. माझा कौल म्हणून अशा ठिकाणीं दुरुस्तीच्या बाजूनें आहे. मात्र धडधाकट व दुर्मिळ इंजिनाचा मूळ रंग केवळ आवडीखातर खरवडणाऱ्यास मी जुन्या पोथीच्या समासांत हिशेब लिहिणाऱ्याच्याच ओळींत बसवीन.

कांहीं जाणते लोक मधला मार्ग काढतात. मूळचीं चाकें, चिमटा, तुटका तुकडासुद्धां एका डबींत घालून ती इंजिनाबरोबर ठेवतात, आणि कोणत्या सालीं काय बदललें ह्याची चिठ्ठी आंत घालतात. पुण्यास कोथरूडकडे १९९८ पासून जोशी ह्यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय आहे. तेथें गाड्या प्रत्यक्ष चालवून दाखवितात. मुलांस घेऊन जाणाऱ्यांनीं गाड्यांइतकेंच त्यांच्या चाकांकडेही पहावें.