वल्हवणाऱ्या होडीचा तोल

जयसिंगपूरहून सांगलीकडे जाताना अंकलीच्या पुलाखाली कृष्णेचे पात्र लागते. सांगली परिसरात याच नदीत पावसाळ्याच्या सुमारास होड्यांच्या शर्यती होतात. विजयाचे श्रेय सहसा मनगटातील बळाला मिळते. तोलाकडे प्रेक्षकांचे क्वचितच लक्ष जाते.

रुंद बुडाची होडी कलली, की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, पाणी त्याला वर रेटते आणि होडी सावरते. मात्र भार जास्त झाला, माणसे उभी राहिली वा एका काठावर धावली, की हा आधार तोकडा पडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, हे या भागाला विसरता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील नौकेचे गणित निराळे. आठ जणांची नौका सुमारे १७ मीटर लांब असते, पण रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. तिचा खरा आधार वल्ह्यांचा. दोरीवर चालणाऱ्याच्या हातातील आडव्या काठीसारखा.

बहुतेक दोष हातांच्या उंचीत असतो. वल्ह्याची मूठ खाली दाबली, की नौकेची ती बाजू खाली जाते. नौका डावीकडे झुकत असेल, तर डावीकडच्यांनी हात किंचित उचलावेत व उजवीकडच्यांनी किंचित उतरवावेत. नवखा खेळाडू अंग झुकवून तोल साधू पाहतो आणि डगमग वाढवतो. कंबर मध्यरेषेवर, नजर समोरच्याच्या पाठीवर, हे पुरेसे.

दुसरी गोष्ट वेळेची. सर्वांची पाती एकाच क्षणी पाण्यात शिरावीत, एकाच क्षणी बाहेर यावीत. सरकत्या बैठकीवरून पुढे येताना घाई करणारा एकटाही नौका हलवून सोडतो. ओढ जोरकस, परतणे संथ, ही लय सर्वांत अवघड आहे, असे आमचे मत.

नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळसह चौघांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात प्रत्येकाकडे दोन वल्ही असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा भार ज्याचा त्याला सांभाळता येतो. आठ जणांच्या नौकेत एकेकच वल्हे. तेथे शेजाऱ्यावाचून चालत नाही.

सरावासाठी निम्म्या खेळाडूंनी पाती पाण्यावर सपाट टेकवून नौका स्थिर धरावी, उरलेल्यांनी वल्हवावे. मग आधार देणाऱ्यांची संख्या एकेकाने कमी करावी. नौका कोणाच्या वेळी झुकते, ते लगेच उघड होते.