रेव्हरंड टिळकांचे दुसरे प्रस्थान

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्राचा विचार करताना १८९५ मधील त्यांचे धर्मांतर ही घटना साहजिकच प्रथम डोळ्यांसमोर येते. परंतु सुखासीनतेचा त्याग करून धैर्याची वाट धरणे हा ख्रिस्ती जीवनाचा एक निकष मानला, तर १९१७ मधील त्यांचा निर्णय अधिक अर्थपूर्ण ठरतो.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना बायबलची प्रत दिली. त्यानंतर दोन वर्षांच्या मनोमंथनाअंती, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५० च्या एकविसाव्या कायद्यामुळे धर्मांतरिताचा वारसाहक्क अबाधित राहत असला, तरी पंक्तिव्यवहार, सोयरसंबंध आणि ज्ञातीतील मान यांना कायद्याचे संरक्षण नव्हते. चित्पावन कुळात जन्मलेल्या टिळकांना ही सर्व नाती एकाच दिवशी दुरावली. पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा यांचाही वियोग घडला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतंत्र विचारांती.

पहिल्या त्यागानंतर मात्र हळूहळू नवे स्थैर्य निर्माण झाले. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने टिळकांना अध्यापनाचे कार्य मिळाले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. वेतन, निवास, प्रतिष्ठा आणि समानधर्मीयांचा सहवास हे सर्व लाभले. ज्ञातीतून बाहेर पडलेल्या माणसास मिशन हे केवळ उपासनेचे स्थान नव्हते. उपजीविका, मुलांचे शिक्षण आणि आजारपणातील आधारही तेथूनच मिळे. म्हणूनच मिशनच्या पद्धतीविषयी मतभेद दर्शविणे हे ज्ञातीशी झगडण्याइतकेच अवघड होते.

टिळकांचा मतभेद मूलभूत स्वरूपाचा होता. पाश्चात्य वेष धारण केलेला ख्रिस्ती धर्म मराठी मनास परका वाटतो, हे त्यांनी जाणले होते. संतांच्या परंपरेतील अभंग, भजन व कीर्तन या माध्यमांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त करण्याचा त्यांचा प्रयत्न त्यातूनच उद्भवला. परंतु वेतनभोगी धर्मोपदेशकाच्या शब्दाला श्रोत्यांच्या मनात मर्यादा पडते. ही मर्यादा लेखणीने दूर होणारी नव्हती. वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या बंधुसंघात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे १८९५ मध्ये स्वतः ओलांडलेली सीमारेषा इतरांसाठी प्रवेशाची अट ठरू नये, अशी भूमिका त्यांनी घेतली.

या प्रयोगाचे यश मोजू गेल्यास निराशाच पदरी पडते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही. आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही: संन्यास घेणाऱ्याच्या धैर्याचा भार संसार सांभाळणाऱ्यावरही पडतो. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) वाचताना पतीच्या लहरी व उदारपणा यांची किंमत घरात कोणी चुकविली, हे विनोदाच्या आडूनही स्पष्ट दिसते. तेव्हा टिळकांच्या धैर्याचे मूल्यमापन लक्ष्मीबाईंच्या धैर्यास वगळून होऊ शकत नाही. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्णत्वास नेले, हेही येथे स्मरणीय आहे.

तथापि यशापयशाच्या पलीकडे या दुसऱ्या प्रस्थानाचे महत्त्व उरतेच. पहिल्या वेळी त्यांनी जन्माने मिळालेले सुख सोडले. दुसऱ्या वेळी श्रद्धेमुळे मिळालेले. पहिल्या त्यागास नव्या समाजाचे स्वागत लाभले होते. दुसऱ्याच्या मागे असे कोणतेही आश्वासन उभे नव्हते. श्रद्धेच्या आश्रयानेच सुखासीनता पुन्हा घरात शिरते, आणि म्हणून धैर्याची निवड एकदाच करून भागत नाही, हे टिळकांच्या अखेरच्या दोन वर्षांवरून दिसून येते.