वसवसा की ओसीडी?

एकच वुजू पाच-पाच वेळा करणं, तकबीर पुन्हा पुन्हा म्हणणं, कपडा पाक झाला की नाही म्हणून तो नळाखाली धरून बसणं. याला आपण वसवसा म्हणतो आणि 'लाहौल पढ' सांगून मोकळे होतो. रोज तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल, तर तो ओसीडी असू शकतो. हा आजार आहे, कच्च्या इमानाची खूण नव्हे. उलट ज्याला दीनाची फिकीर, त्याला तो तिथेच गाठतो. हकीम अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनीही वसवशाला मनाच्या आजारांत धरलं होतं. फिकहचा कायदाही साफ आहे: शकने यकीन जात नाही.

घरोघरी एक चूक मात्र आम्ही बघतो. मूल विचारतं, "अम्मी, वुजू हो गया ना?" अम्मी दहादा "हो गया" म्हणते. घडीभर बरं वाटतं, शंका वाढतच जाते. उपचारात नेमकं उलटं शिकवतात: एकदाच धुवायचं, बेचैनी सोसायची, परत नळाकडे जायचं नाही. सोबत गोळ्या लागू शकतात. त्यांचा असर दिसायला काही आठवडे जातात, मनाने बंद करू नयेत.

अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.