दिवा आणि बंब

राजवाड्यांचा इतिहास लिहिला जातो, धरणांचा लिहिला जातो. परंतु न्हाणीघरातील चुलीचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. म्हैसूरच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या नगरात दिवा कोठून आला हे सर्वांना ठाऊक आहे. स्नानाचे पाणी कशावर तापले, हे मात्र विस्मृतीत जात आहे. आज जगाच्या वाढत्या उष्म्याचा विचार करताना ही दुसरी हकीकतच अधिक उपयोगाची ठरते.

म्हैसूरच्या दिव्याची कथा कावेरीच्या काठी सुरू होते. शिवनसमुद्र येथे नदी दोन फाट्यांत विभागते आणि गगनचुक्की व भरचुक्की या प्रपातांच्या रूपाने खाली झेपावते. या पाण्याच्या पडण्यापासून वीज निर्माण करण्याची योजना दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत आकाराला आली. तिचे फळ पाहण्यास ते राहिले नाहीत. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी, १९०२ मध्ये, ही वीज सुमारे १४७ किलोमीटरांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोचली. इतक्या लांबवर वीज वाहून नेणाऱ्या तारा त्या काळी जगातही थोड्याच होत्या. १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते उजळले आणि १९०८ मध्ये म्हैसूरची पाळी आली. आधी खाण, मग रस्ता, नंतर घर, असा हा क्रम होता.

या विजेला धूर नव्हता. पण तिची एक अट होती. उन्हाळ्यात कावेरी आटली की यंत्रांची गती मंदावे. ही अडचण ओळखणारा अभियंता महाराष्ट्राला परका नव्हता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कन्नंबाडी येथे कावेरी अडविण्याचे काम १९११ मध्ये सुरू झाले, त्यामागे शेतीच्या पाण्याइतकाच शिवनसमुद्राच्या यंत्रांना बारमाही पाणी देण्याचाही हेतू होता. तेच आजचे कृष्णराजसागर. पावसाने दगा दिला तर दिवा मंदावतो, हे त्या पिढीला पुरते कळले होते.

इकडे घरात मात्र निराळेच चित्र होते. माजघरात विजेचा दिवा आला, तरी न्हाणीघरात तांब्याचा हंडा चुलीवरच राहिला. महाराष्ट्रात बंबाने जे काम केले, तेच म्हैसुरात या हंड्याने केले. पहाटे कोणीतरी उठावे, लाकडे, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या घालून जाळ करावा आणि घरभर धूर व्हावा, हा नित्यक्रम होता. हे ‘कोणीतरी’ बहुधा घरातील स्त्रीच असे. या चुलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिचा धूर तिच्यापुढे बसणाऱ्या स्त्रीच्या छातीत जाई. परंतु एक गोष्ट नमूद केली पाहिजे. करवंटी आणि झावळी जळाली, तरी माड पुन्हा फुटतो आणि हवेत गेलेला कार्बन पुन्हा शोषून घेतो. जमिनीत कोट्यवधी वर्षे गाडलेला कोळसा जाळला, म्हणजे असा परतीचा मार्ग राहत नाही.

पुढे शरावतीची वीज आली, मागणी वाढली आणि पाणी अपुरे पडू लागले. १९८५ मध्ये रायचूर येथे कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. म्हैसूरच्या घरात त्या दिवशी काहीच बदलले नाही. भिंतीवरचा खटका तोच, दिवा तोच, प्रकाशही तोच. पण त्या प्रकाशामागे आता नदीच्या जोडीला खाणीतील कोळसा उभा राहिला होता. घराला न विचारता, न कळविता, त्याच्या दिव्याला धूर चिकटला. मात्र तो शेकडो मैल दूर निघत असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांत गेला नाही. याच काळात हंड्याची जागा हळूहळू गीझरने घेतली. न्हाणीघर स्वच्छ झाले, स्त्रीची पहाटेची यातायात संपली, ही गोष्ट लहान नव्हे. हिशेब मात्र बदलला.

तो हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापविण्यास सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर नऊ वॉटचा एलईडी दिवा, रोज पाच तास लावला तरी, अडीच महिने जळेल. देशाच्या सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाने वर्षातील तीनशे दिवस असे स्नान केले, तर केवळ न्हाणीघराचा भार पाऊण टनाच्या आसपास होतो. दिवे मालविण्याचा उपदेश घरोघरी होतो. गीझरकडे लक्ष त्या मानाने कमीच जाते.

या प्रश्नाचे उत्तर म्हैसूरच्या छपरांवर आले. २००७ मध्ये कर्नाटक शासनाने विशिष्ट मर्यादेहून मोठ्या नव्या घरांना सौर जलतापक सक्तीचा केला आणि तो बसविणाऱ्यांना विजेच्या बिलात सूटही मिळू लागली. केंद्र शासनाच्या सौर नगर योजनेतही म्हैसूरची निवड झाली. छपरावरील काळा पत्रा किंवा काचेच्या नळ्या दिवसभर ऊन पितात आणि टाकीतील पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत ऊनच राहते. यातील शास्त्र जुनेच आहे. नवी होती ती सक्ती आणि सवलत यांची सांगड. अर्थात सर्वच घरांना हे साधत नाही. भाडेकरूला छप्पर नसते, बहुमजली इमारतीत ते सर्वांना पुरत नाही आणि आषाढ-श्रावणातील ढगाळ दिवसांत विजेचा आधार घ्यावाच लागतो. तेथे गीझर वेळेवर बंद करणे आणि शॉवरऐवजी बादलीने स्नान करणे, एवढे तरी घराच्या हाती उरते. बादली ही काही मागासलेपणाची खूण नव्हे. ते एक माप आहे.

२०२३ मध्ये पावसाने ओढ दिली आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. कृष्णराजसागराचा साठाही खालावला. एखाद्या वर्षाच्या दुष्काळाचा सारा दोष हवामानबदलावर टाकता येत नाही. परंतु तापत्या हवेत पाऊस अधिक लहरी होतो, हे शास्त्रज्ञांचे सांगणे आहे. शंभर वर्षांपूर्वी अभियंत्याने नदीला बांध घालून दिव्याची चिंता मिटविली होती. त्या नदीला पाणी पुरविणाऱ्या आभाळाला बांध घालता येत नाही. त्याच्यावरचा भार हलका करणे तेवढे शक्य आहे, आणि त्यातील एक वाटा रोज पहाटे न्हाणीघरात उचलावा लागतो. दिवा म्हैसूरला नदीने दिला. बंबाचा निर्णय मात्र घरालाच करावयाचा आहे.