सातबारा नाही, तर अनुदान नाही!

कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे. पण शेतीच्या अनुदानाचा रस्ता सातबाऱ्यावरून जातो. २०१९च्या पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये जमीनधारक कुटुंबालाच मिळतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा जास्त होते. त्यातले भूमिहीन यादीबाहेर!

हा प्रश्न जुना आहे. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून, जात न पाहता, गावकऱ्यांना कसायला द्या असे मांडले. सरकारने ऐकले नाही. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला.

अल्पभूधारकाच्या मदतीला आमचा विरोध नाही. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याचे काय? बांधवांनो, अनुदानाआधी जमीन मागूया. जय भीम!